स्वस्तातली नादारी

लोक पोरीसाठी स्थळं बघत फिरतात, मी नवऱ्याला सोबत घेऊन वाशीमभर वकील बघत फिरले. धंदा बुडाला होता आणि नादारी घ्यायची होती. नादारी म्हणजे कोर्टात अर्ज करून सांगायचं की माझ्याजवळ द्यायला काही नाही. कोर्टाने ते मानलं की घेणेकरी तुमच्या दारात येऊन ओरडू शकत नाहीत आणि तुम्हाला तुरुंगात घालू शकत नाहीत. पण त्यासाठी वकील लागतो आणि वकिलाला फी लागते. मला भाव केल्याशिवाय मेथीची जुडी घेता येत नाही, तर नादारी पहिल्याच दुकानातून कशी घेणार?

आमचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, तबकड्यांची पेटी आणि यांचा आवाज. खरं भांडवल शेवटचंच. माझं माहेर अनसिंगचं. तिथल्या एका लग्नात मी यांचं तोंडही पाहिलं नव्हतं तेव्हा आवाज ऐकला होता. वऱ्हाडी मंडळी मानपानावरून रुसून बसली होती आणि भोंग्यातून कोणीतरी असं काही गोड म्हणालं, "पाव्हन्यांनी पंगतीले बसावं, वरनभात थंडा होऊन राह्यला," की रुसलेले उठून हात धुवायला गेले. गावात सिनेमा लागला, बाजार भरला, लहान पोर हरवलं, की टांग्यावर भोंगा बांधून हेच फिरत. बायका भाकरी थापता थापता हात थांबवून ऐकत. मला त्याचा फार तोरा होता, कशाला खोटं बोलू.

मग यांनी जनरेटर घेतला. खेड्यांत वीज पोचली नव्हती, तिथल्या लग्नांना लाईट आणि भोंगा दोन्ही देऊ असा बेत. अकोल्याच्या एका दुकानदाराकडून हप्त्यांवर ते धूड आलं आणि पाठोपाठ दुष्काळ आला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आमच्या ओसरीवर ताडपत्री पांघरून बसला. लोक खडी फोडायला गेले. लग्नं झाली, पण पाच-दहा माणसांत, आणि पाच-दहा माणसांना हाक मारायला भोंगा लागत नाही. हप्ते थकले, मग हप्ते भरायला बाजारातल्या कापडवाल्या जैन सेठजींकडून पैसे घेतले, मग सेठजींचं व्याज थकलं, आणि बाकी रोजची उधारी तर चोहीकडे होतीच.

एक दिवस अकोल्याचा वसुलीवाला भर बाजारात आमच्या दुकानासमोर उभा राहून ओरडला. सगळ्या गावाला हाका मारणाऱ्या माणसाच्या नावाने त्याने हाका मारल्या. त्या दिवसापासून यांनी माईक हातात धरला नाही. भाड्याचं काम आलंच तर सामान लावून द्यायचे, तबकडी चढवायचे आणि मागे बाकड्यावर जाऊन बसायचे. कोणी म्हटलं, "दोन शब्द बोला ना," तर म्हणायचे, "घसा बसला." घरी येऊन मला म्हणाले, "ज्याले आर्धं गाव पैसे मांगते, त्यानं कोन्या तोंडानं माईकवर बोलाव वं?" पैसे बुडाल्याचं दुःख मला होतंच, पण ते परत कमावता येतात. हा आवाजच बुडाला तर मी संसार कोणाशी करणार होते?

त्या अकोलेकर दुकानदाराने कोर्टातून हुकूमनामा आणला. पैसे भरा, नाहीतर दिवाणी तुरुंगात चला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण असं म्हणणाऱ्यावर कधी हुकूमनामा निघालेला नसतो. कोर्टासमोरच्या चहाच्या हॉटेलात कोणीतरी यांना सल्ला दिला की नादारी घ्या, सुटाल. हे तयार झाले. माझ्या मनात मात्र एक किडा वळवळत होता. नादार म्हणून नाव सरकारी गॅझेटात छापून येतं, असंही त्याच हॉटेलात कळलं होतं. एका वसुलीवाल्याच्या ओरडण्याने हे मुके झाले, गॅझेटाने काय होईल? पण तुरुंगापेक्षा बरं म्हणून मी लुगडं बदललं आणि म्हटलं, "चला. पन पयल्याच वकिलाले हो म्हनायचं नाई."

पहिले वकील मोठे होते. बाहेर पाटी, आत पंखा, भिंतभर लाल पुस्तकं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकाच दमात सांगितलं, "साडेतीनशे. अर्जाच्या आधी."

मी म्हटलं, "साहेब, साडेतीनशे असते त आमी तुमच्याकडे कायले आलो असतो?"

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "उद्या तुमचा नवरा नादार ठरणार. आज मी फी उधार ठेवली, तर उद्या मीही घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहीन. म्हणून आधी."

बोलणं सोळा आणे खरं होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला. बाहेर आल्यावर मी यांना म्हटलं की पंख्याचेच शंभर लावले असतील.

दुसरे वकील म्हातारे आणि बोलायला साखर. चहा मागवला, माझ्या माहेरची चौकशी केली, अनसिंगला कोण कोण ओळखीचं निघतं ते पाहिलं. नादारीचा अर्ज वाशीमच्या कोर्टात द्यायचा की अकोल्याच्या, यावर त्यांनी बराच वेळ दोन्ही बाजूंनी सांगितलं. मी तीनदा फी विचारली. तीनदा ते हसून म्हणाले, "अहो, घरचंच समजा. तुम्ही समजून द्या."

हे ऐकलं आणि मी सावध झाले. कारण हेच वाक्य आमचे हे गिऱ्हाइकांना म्हणत. "समजून द्या." आणि गिऱ्हाइकं आपल्या समजेप्रमाणे नारळ आणि सव्वा रुपया देत. पण भोंगेवाल्याचं समजून द्या वेगळं आणि वकिलाचं वेगळं. वकिलाचं न सांगितलेलं काम संपेपर्यंत फुगत जातं. इकडे हे मात्र खूश. आपल्यासारखाच माणूस भेटला म्हणून त्यांच्याकडे प्रेमाने बघत होते, आणि तेही यांच्याकडे. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "आमी घरी इचार करून येतो." स्थळ नाकारताना असंच म्हणतात.

तिसरे वकील अगदी तरुण, नुकतीच सनद घेतलेले. पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत बसत. जिन्यात पीठ, टेबलावर पीठ, काळ्या कोटावर पीठ. त्यांच्या मुन्शीने दर सांगितला. अर्जाचे पंचाहत्तर, आणि वर प्रत्येक घेणेकऱ्यामागे साडेसात, कारण प्रत्येकाला नोटीस जाते, प्रत्येकाची नक्कल टाईप करावी लागते. आगाऊ पंधरा.

हा दर मला आवडला. जेवढं माप तेवढे पैसे. वरून पंखाही नव्हता.

"त घेणेकरी किती हायेत?" मुन्शीने विचारलं.

यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. अकोलेकर. कापडवाले सेठजी. रॉकेलवाला. किराणावाला. बॅटऱ्या चार्ज करून देणारा. मंडपाचं कापड शिवणारा शिंपी. टांगेवाला. दूधवाली. पानठेला. असं करत पंधरा झाले. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "अन् ही."

माझ्या पाटल्या जनरेटरच्या पहिल्या भरण्यात गेल्या होत्या. हे मी कोणापुढे बोलून दाखवलं नव्हतं, यांच्यापुढे तर कधीच नाही. त्या मुन्शीसमोर, त्या पिठात, मला सावकारांच्या रांगेत नेऊन बसवलं तेव्हा मला इतका संताप आला की कानशिलं तापली. "मी कायची सावकार?" मी म्हटलं. "मी काय व्याजानं देल्ले होते?"

"देनं ते देनंच," हे म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक होता.

वकिलांनी मान वर केली आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. "ते नंतर बघू," म्हणाले. आम्ही आगाऊ पंधरा रुपये दिले आणि पीठ झटकत खाली उतरलो.

वाटेत मी गप्प होते, आणि मी गप्प असले की मनात हिशेब चालू असतो. दूधवालीचे चार रुपये द्यायचे होते. तिला नोटीस पाठवायला साडेसात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मी रस्त्यातच थांबले. "काहो, दूधवालीले चार रुपये देऊनच टाकले त साडेसात वाचतात ना?"

हेही हिशेबाला लागले. मग म्हणाले, "पानठेल्यावाल्याचे त तीनच हायेत."

असं आमचं नादारी स्वस्त करण्याचं काम सुरू झालं. कायद्यात हे बसतं की नाही हे विचारायला गेलो असतो तर त्याचीही फी पडली असती. डब्यातल्या चिल्लरीतून दूधवाली आणि पानठेला उडवले. शिंप्याचे पैसे जास्त होते, पण त्याच्या मुलीचं लग्न आलं होतं. मी त्याच्या बायकोला जाऊन विचारलं, भोंगा आणि तबकड्या दोन दिवस लावून दिल्या तर फिटंफाट काय? ती म्हणाली, "फिटंफाट. अन् वरून जेवून जा." बॅटरीवाला बौद्ध वस्तीतला. जयंतीच्या मिरवणुकीला आमचे दोन्ही भोंगे रात्रभर वाजले आणि त्याचं खातं संपलं. रॉकेलवाल्याच्या भावाने किन्हीराजा गावी दुकान काढलं, त्याच्या सत्यनारायणाला आम्ही सामान घेऊन गेलो. टांगेवाल्याला त्याच्या घोड्यासाठी माझ्या भावाने अनसिंगहून कडबा पाठवला. किराणावाला आणि बाकीचे किरकोळही असेच एकेक करून मिटवले. दर वेळी मी घरी येऊन यांना म्हणायची, "आनखी साडेसात वाचले," आणि दर वेळी आम्ही दोघं हसायचो. नादार व्हायला निघालेलं जोडपं इतकं हसताना वाशीमने पाहिलं नसेल.

गंमत अशी की भोंगे पुन्हा दिसायला लागले तशी नवी कामंही यायला लागली. पाऊसपाणी बरं झालं होतं, लोकांच्या हातात जरा पैसा होता. पण हे बोलत नव्हते. जयंतीला वस्तीतल्या मास्तरांनी माईक यांच्यापुढे केला, यांनी तो हळूच मास्तरांच्याच हातात परत दिला. शिंप्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीची हाक दुसऱ्याच कोणी मारली, आणि अर्धे पाहुणे ती न ऐकता उभेच राहिले. मी पाहिलं, यांचे ओठ हलले होते. तेव्हा मला हसू आलं नाही.

राहता राहिले मोठे दोन. अकोलेकराची नोटीस रजिस्टर टपालाने जाणार, म्हणजे खर्च जास्त. "त्याले तोंडानंच सांगून येऊ," मी म्हटलं, आणि आम्ही आगगाडीने अकोल्याला गेलो. यांना वाटत होतं तो दुकानातून हाकलून देईल. यांनी कसंबसं सांगितलं की मी नादारी घेत आहे. त्या माणसाचा चेहरा असा पडला की मला त्याची दया आली. नादारीत घेणेकऱ्यांच्या हाती रुपयामागे चार आणेही लागत नाहीत, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याने खुर्ची दिली. पाणी दिलं. मग म्हणाला, जनरेटर परत आणून द्या, भरलेले हप्ते गेले समजा, मी कोर्टात देणं फिटलं म्हणून लिहून देतो. ते धूड ओसरीवरून गेलं तेव्हा मी तिथली जागा दोनदा सारवली.

सेठजींकडे हे एकटेच गेले आणि पडेल चेहऱ्याने परत आले. सेठजी ओरडले नव्हते. ते म्हणाले होते, "मी कोर्टात येनार नाई, भाऊ. दे तवा दे. पन तू नादार झाला त मंदिराच्या कार्यक्रमाले तुले बलावता येनार नाई मले. चार लोक बोलतीन." ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचे पैसे आपल्याच्यानं कधी फिटणार नाहीत असं वाटून यांनी मनाशी पक्कं केलं की आता नादारी घ्यायची आणि एकदाचं मोकळं व्हायचं. आणि मीही नको म्हटलं नाही. का, तर वकिलाकडे आगाऊ पंधरा रुपये दिलेले होते, ते वाया कसे जाऊ द्यायचे!

परत पिठाचा जिना चढलो. मी टेबलाशी बसून अभिमानाने सांगितलं की घेणेकरी आता कमी झाले आहेत, तेव्हा फीचा हिशेब नव्याने करा. वकिलांनी आधी ऐकलं, मग उभेच राहिले.

"हे काय करून बसलात? नादारीचा अर्ज करायचा म्हणता आणि एकेकाला गाठून पैसे देत सुटलात? असं नसतं करायचं! कोर्ट विचारेल, याला दिले तर त्याला का नाही?"

"तुमचीच फी कमी कराले केलं," मी म्हटलं.

मुन्शी खिडकीकडे तोंड करून खोकू लागला. वकील खाली बसले, आता राहिलं कोण म्हणून विचारलं. फक्त सेठजी, चारशे तीस. वकिलांनी पेन ठेवलं.

"मग झालं. पाचशेच्या खाली देणं असेल तर तुमचा अर्ज चालणारच नाही. तुम्ही आता नादार व्हायलासुद्धा पात्र नाही."

मला हे कळायला वेळ लागला. यांना लगेच कळलं. हे म्हणाले, "अन् हिचे? पाटल्यांचे?"

"ते धरले तर पाचशेच्या वर जातं," वकील म्हणाले. "पण बाईंनी सांगायला हवं की ते उसने दिले होते." आणि माझ्याकडे वळून, "बाई, उसनेच दिले होते ना?"

खाली गिरणी चालू होती, सगळी खोली थरथरत होती. खरं सांगते, मला मोह झाला. हो म्हटलं की सेठजींचं ओझं गेलं. आणि त्या पाटल्या माझ्या होत्या, असं निदान एका सरकारी कागदावर राहिलं असतं. आईने स्वतःच्या हातातल्या काढून दिल्या होत्या त्या. अजूनही भांडी घासताना मी मनगटावरून हात वर सारायची, पाटल्या मागे सारल्यासारखा. पण हे माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात मला दिसलं की मी हो म्हणावं असं यांना वाटतंय आणि तसं वाटतंय याची लाजही वाटतेय. हा माणूस आज सुटला असता, पण आयुष्यभर गप्प राहिला असता.

"नाई साहेब," मी म्हटलं. "उसने नाई. जनरेटर आमचा दोघाईचा होता. बुडाला त दोघाईचा बुडाला."

वकिलांनी आगाऊतले दहा रुपये परत दिले, सल्ल्याचे पाच ठेवले. मी त्या पाचावर भांडले नाही, यावरून माझी काय अवस्था होती ते समजून घ्या.

जिना उतरताना हे एक शब्द बोलले नाहीत. मला भीती वाटू लागली. सुटकेचं दार उघडं होतं आणि मीच ते लावून घेतलं होतं. मी मनात म्हटलं, आता हे मला कधी माफ करणार नाहीत. समोर रस्त्यावर आमचा भोंगा बांधलेला टांगा उभा होता. गुरांच्या दवाखान्याचं काम होतं, गावभर घटसर्पाच्या लसीचं सांगत फिरायचं. दवाखान्याचा चपराशी माईक धरून बसला होता आणि घाबरून कागद पाठ करत होता.

हे टांग्याजवळ गेले. चपराशाला म्हणाले, "सरक जरा." वर चढले. माईक हातात घेतला आणि नुसतेच बसून राहिले. टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं, पण घोडा हाकला नाही. मग भोंगा खरखरला.

पहिले दोन शब्द फाटकेच आले. मग यांनी घसा साफ केला, तोही साऱ्या रस्त्याला ऐकू गेला, आणि आवाज लागला. "मंडळी, उद्या सकाळी आपापली गुरं घेऊन दवाखान्यात या. गाय आना, बैल आना, म्हैस आना. घटसर्पाची लस हाये. पैसा लागनार नाई. जनावर आपलं हाये, त्याले सांभाळाव लागते." बाजाराच्या त्या टोकापर्यंत लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. टांगा हलला. मी तिथेच रस्त्याच्या कडेला पदराने डोळे पुसत उभी होते, आणि पुसून भागत नव्हतं.

भाजीवाली बाई घाबरून जवळ आली. "काय झालं वो माय? तुमचं बी जनावर दगावलं काय?"

"नाई वो," मी म्हटलं. "आमचं बरं झालं."